उपाशी पोटी

दोंडाईच्याच्या मिरची बाजारामागे
शाळेच्या रिकाम्या वर्गात, सकाळी सहाला,
मी बाकावर वर्तमानपत्र अंथरते.
सुया, कापूस, जांभळ्या टोपीच्या नळ्या.
बाया येतात, रात्री आठनंतर काही न खाल्लेल्या.
"च्या बी नही पिधा," प्रत्येक जण सांगते,
जणू माझ्यावरच उपकार केलेत.
केलेतच म्हणा.

पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया ह्या.
नखांत तिखट मुरलेलं, म्हणून
डोळा चोळायचा तर मनगटाने चोळतात.
मी दंडाला पट्टा बांधते, शीर चाचपते
आणि खोकते. त्या खोकत नाहीत.

ठगूबाई भिल, वय चव्वेचाळीस, चार बाळंतपणं,
क्रमांक एकशे सतरा.
नळी भरत असताना म्हणाली,
"मन्हा रगतले काय इचारशी?"

आधी मी पुण्याहून आलेला कागद वाचला.
मग कागद ठेवला बाजूला:
चूल विझली तरी राखेवरून कळतं ना,
बाभूळ जाळली की तुराट्या?
तसं पेशी काय जाळतात, काय रांधतात,
त्याचा बारीक चुरा रक्तात उतरतो.
गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी
तो चुरा बदलतो का, ते बघायचंय.

"मंग आसं सांग ना,
हाई मझारथीन कायी पडी का."
आणि सांगत बसली, कापूस दाबून धरत,
की ढिगातली एखादी मिरची, वरून लालभडक,
ती उचलते न उचलते तोच टाकून देते.
फोडली तर आत बुरशी.
कसं कळतं?
"बोटसले कयस."

नळ्या फिरवल्या. वरचं पिवळं पाणी वेगळं काढलं.
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन धुळ्याची एसटी.
कंडक्टर म्हणाला, मासे का?
तिथून पुण्याला, उणे ऐंशीच्या थंडीत,
जिथे एकशे सतराला ना धुरळा, ना ठसका.

सहा वर्षं.

चारशे बारा बायांत नऊ जणी, असं पत्र आलं.
पत्रात नुसते आकडे,
नावांची वही माझ्या कपाटात.
वही उघडायची गरज नव्हती.
ठगूबाई धुळ्याला कापून आलीच होती,
पदर आता डावीकडे जास्तच ओढून घेते.

तिची जुनी नळी त्यांनी वितळवून वाचली:
दोन रेषा जराशा उंच, एक जराशी खाली.
तेव्हाच. त्या शाळेतल्या सकाळीच.
पुढे बारीक अक्षरांत:
फरक गटात दिसतो, एकीबद्दल काही म्हणता येत नाही.
खरंच आहे. तशाच रेषांच्या आणखी दोघी
ठणठणीत आहेत, आणि परवा
रोजाच्या वीस रुपयांवरून मुकादमाशी भांडल्या.

तरी मला त्या डब्याचा राग आला.
दीड तास माझ्या मांडीवर होतास,
नरडाण्याच्या फाटकाशी तर नुसता उभाच होतो आपण,
एक शब्द बोलला नाहीस.
मग वाटलं, बोललाही असेल.
ती भाषा मला येत नव्हती,
कुणालाच येत नव्हती,
अजूनही आम्ही मुळाक्षरंच गिरवतोय.

आज दुसरी फेरी.
जमना आलीय, ठगूबाईची थोरली, सत्तावीस वर्षांची.
काही विचारत नाही.
आई बाहेर पायरीवर बसलीय,
सुजलेला डावा हात उशीवर,
उजव्याने ओट्यातल्या मिरच्या निवडते आहे.
एक उचलते, थांबते,
परत ओट्यात ठेवते.

"किती वाजता जेवलीस?"
"सात."
"झोप लागली?"
जमना मान हलवते, होय की नाही ते कळत नाही,
मूठ मिटते.

मी तिच्या कोपराच्या खळगीत दोन बोटं ठेवते.
माझ्या बोटांना
शिरेखेरीज काही कळत नाही.